कानामागून दिसणारा जबडा

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू सिंगापूरला नोकरी करतेस, घरच्यांनी पुण्याचं स्थळ आणलंय, दोन महिने तुमचं फोनवर बोलणं चालू आहे आणि मुलगा तुला मनापासून आवडलाय. मग ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीच्या आजीने त्याचा राजगडावरचा फोटो पाहिला. पाठमोरा बसलेला, मान किंचित वळवलेली. आजी म्हणाली, "याचा जबडा कानाच्या मागून दिसतो. असा माणूस उलटतो. याला देऊ नका." साखरपुडा तीन आठवड्यांवर आलाय आणि तुझी झोप उडालीय. तू विचारतेस की चिनी फेस रीडिंगमध्ये हे खरंच असं सांगितलंय का, आणि होणाऱ्या नवऱ्याचा स्वभाव चेहऱ्यावरून ओळखायचा तरी कसा.

आधी जे तातडीचं आहे ते सांगते. जबड्यावरून लग्न मोडू नकोस. फोटोवरून तर मुळीच नको. मी सव्वीस वर्षं सिंगापुरात आहे आणि त्यातली एकोणीस वर्षं चेहरे वाचतेय. वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिम या चिनी देवीच्या देवळाला लागूनच आपलं श्रीकृष्णाचं देऊळ आहे. चिनी बायका तिकडची उदबत्ती लावून झाली की इकडे कृष्णालाही लावून जातात. त्याच रस्त्यावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे मी ही विद्या शिकले. आजवर लग्नाचा चेहरा घेऊन माझ्याकडे जितक्या मुली आल्या, त्यातल्या बहुतेकींना कुणीतरी आधी असंच एक वाक्य ऐकवलेलं होतं. त्या वाक्याची भीती काढण्यातच माझा पहिला तास जातो.

आजी खोटं बोललेली नाही. हा नियम परंपरेत आहे. मागून पाहिलं असता कानाखाली जबड्याची हाडं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली दिसली, तर माणूस जिद्दी, अपमान न विसरणारा आणि वेळ आली की साथ सोडणारा, असं जुने लोक सांगत. पण नियम तिथे संपत नाही, आणि आजीने पुढचं सांगितलं नाही. त्या हाडावर मांस आहे की ते उघडं टोकदार आहे, हे पाहायचं असतं. भरलेला जबडा म्हणजे टिकून राहण्याची ताकद, चिकाटी. मग हनुवटी त्याला तोलून धरते का ते पाहायचं. आणि शेवटी डोळे. डोळे शांत असतील तर तोच जबडा घर सांभाळणाऱ्याचा मानला जातो. चिनी परंपरेत चेहऱ्यावर पाच पर्वत मानतात, चीनमधल्या पाच पवित्र पर्वतांच्या नावाने: कपाळ दक्षिणेचा, हनुवटी उत्तरेचा, दोन गाल पूर्व-पश्चिमेचे आणि नाक मधला. पाचही एकमेकांकडे तोंड करून उभे असले तर चेहरा बरा. एकट्या पर्वतावरून कुणी निकाल देत नाही. गुरुजी तर एका अवयवावर बोलणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातून उठवत.

शिवाय जबडा हा हाडाइतकाच स्नायूचा असतो. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचा, सतत दात आवळून काम करणाऱ्यांचा जबडा रुंद होऊ शकतो. त्याला एकदा विचार, दंतवैद्याने नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच, दिलाय का. फोटो कुठून आणि किती जवळून काढला यानेही चेहरा बदलतो. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, कान मागे जातात. मी फोटोवरून वाचन करणं कधीच बंद केलंय. पैसे परत करते, पण फोटो वाचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. चेहऱ्यावरून जावई निवडल्याची चीनमधली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण माझं सगळं म्हणणं त्या गोष्टीत आहे. सिमा च्यान या इतिहासकाराने ती लिहून ठेवलीय. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या शेवटी ल्यू नावाचे एक गृहस्थ शत्रुत्व टाळण्यासाठी पेई गावी राहायला आले. गावच्या अधिकाऱ्याशी त्यांची मैत्री, म्हणून स्वागताला मेजवानी. आहेर घेणाऱ्या कारकुनाने जाहीर केलं की हजार नाण्यांपेक्षा कमी देणाऱ्याने खाली बसावं. लिऊ बांग नावाचा एक साधा चौकीप्रमुख आला आणि त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं, 'दहा हजार'. खिशात एक नाणं नव्हतं. ल्यू चेहरे वाचणारे होते. त्यांनी लिऊ बांगचा चेहरा पाहिला, उठून दारापर्यंत सामोरे गेले आणि त्याला मानाच्या जागी बसवलं. जेवणं झाल्यावर डोळ्यानेच खूण करून थांबवून घेतलं आणि म्हणाले, मी तरुणपणापासून चेहरे पाहतोय, तुझ्यासारखा पाहिला नाही, माझी मुलगी तुला देतो.

त्यांची बायको भडकली. तुम्ही म्हणायचात की मुलगी मोठ्या माणसाला देईन. पेईच्या अधिकाऱ्याने मागितली तेव्हा दिली नाहीत, आणि या लिऊला कशी देताय? ल्यू म्हणाले, हे बायका-पोरांना कळायचं नाही.

त्यांचं वाचन खरं ठरलं. लिऊ बांग इसवी सनापूर्वी 202 मध्ये सम्राट झाला, हान घराण्याचा पहिला. पण नवरा म्हणून तो कसा होता ते पाहा. इसवी सनापूर्वी 205 मध्ये पेंगचंगच्या लढाईत मार खाऊन पळताना रथ हलका व्हावा म्हणून त्याने स्वतःच्या मुलाला आणि मुलीला रथातून ढकलून दिलं. सारथ्याने खाली उतरून त्यांना पुन्हा वर घेतलं. बायको आणि म्हातारा बाप शत्रूच्या हाती सापडले आणि दोन वर्षं ओलीस राहिले. सम्राट झाल्यावर त्याचं मन दुसऱ्या बाईवर बसलं आणि या पहिल्या बायकोच्या मुलाचा वारसाहक्क काढून तो तिच्या मुलाला देण्याची त्याने खटपट केली. तो गेल्यावर त्या सम्राज्ञीने सवतीवर जो सूड उगवला, तो वाचवत नाही.

ही गोष्ट गुरुजी फेस रीडिंगच्या यशाची म्हणून सांगायचे. मला पहिल्यांदा ऐकतानाच त्या आईची आठवण राहिली. बापाने विचारलं होतं, हा किती मोठा होईल? आईला विचारायचं होतं, हा माझ्या मुलीला कसा वागवेल? तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणी वाचलंच नाही. आणि या विद्येची ठेवणच अशी आहे की तिच्यात पहिल्या प्रश्नाची उत्तरं भरपूर आहेत: पद, पैसा, आयुष्य, कुठल्या वर्षी भाग्य उघडेल. नवऱ्याच्या स्वभावाबद्दल थेट फार थोडं आहे. म्हणून 'हा भाग्यवान आहे' असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ 'हा चांगला नवरा होईल' असा घेऊ नकोस. तुझ्या आईवडिलांनाही हे सांग. पॅकेज आणि फ्लॅट पाहून स्थळ ठरवणारे आपले लोकही ल्यूचाच प्रश्न विचारत असतात.

आता परंपरेत काय काय पाहतात ते थोडक्यात. चेहऱ्याचे तीन मजले: केसांपासून भुवयांपर्यंत पहिला, भुवयांपासून नाकाच्या टोकापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. वरचा लहानपणाचा, मधला कर्तेपणाचा, खालचा म्हातारपणाचा. मग पाच 'अधिकारी', म्हणजे कान, भुवया, डोळे, नाक, तोंड. मग बारा 'महाल', आपल्या कुंडलीतल्या बारा घरांसारखे, प्रत्येकाकडे आयुष्याचा एकेक विषय. भुवया भावंडांच्या, नाक पैशाचं, भुवई आणि डोळा यांमधली जागा घराची, डोळ्याखालचा भाग मुलाबाळांचा, दोन भुवयांमधली जागा खुद्द जीवनाची. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे जाणारी जागा जोडीदाराची. तिला 'माशाचं शेपूट' म्हणतात. ती भरलेली, स्वच्छ असली तर संसार सुखाचा, खोलगट किंवा आडव्यातिडव्या रेघांनी कापलेली असली तर कटकटीचा. उन्हात काम करणाऱ्या, खळखळून हसणाऱ्या माणसाला तिथे तिशीतच रेघा पडतात, हे तू आपल्या घरातही पाहिलं असशील. त्या रेघांवरून मी कुणाचा संसार वाईट ठरवत नाही.

एक गोष्ट मात्र मी रागाने सांगते. जुन्या चिनी समाजात नवऱ्याचं भविष्य बायकोच्या चेहऱ्यावर वाचत. बाईचं नाक म्हणजे तिच्या नवऱ्याचा तारा. बाईच्या गालाची हाडं उंच असली तर 'नवऱ्याला मारायला हिला सुरी लागत नाही' अशी म्हण आहे, अजूनही म्हणतात. किती मुलींची लग्नं त्या हाडांवरून अडली असतील! आपल्याकडे 'पांढऱ्या पायाची' म्हणून ज्या मुलींना आयुष्यभर बोल लावले, त्यांच्याच या चिनी बहिणी. सिंगापुरात माझ्याकडे एक जण आली होती, सासूच्या टोमण्यांनी गालाची हाडं घासून घ्यायला निघालेली. मी तिचं वाचन केलंच नाही. चहा दिला, दोन तास बोललो आणि तिला एका समुपदेशकाकडे घेऊन गेले. तुझ्या होणाऱ्या सासरी कुणी तुझ्या चेहऱ्यावरून असं काही बोललं, तर त्या घराबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाचन तुला तिथेच मिळालं असं समज.

मग स्वभाव कुठे दिसतो? परंपरेतच याचं उत्तर आहे, फक्त ते बाजारात विकलं जात नाही, कारण ते दोन मिनिटांत सांगता येत नाही. जुने लोक चार थर मानतात. सगळ्यात खाली हाडामांसाचा आकार. त्यावर कातडीचा रंग, त्यावर श्वासाची चाल आणि सगळ्यांच्या वर 'शन', म्हणजे डोळ्यांतून दिसणारं चैतन्य. आकार जन्माने मिळतो, शन माणूस जगता जगता घडवतो. आकार चांगला आणि शन मलूल असेल तर वाचणारा शनचंच ऐकतो. मेन्शियस या चिनी तत्त्वज्ञाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच सांगितलं होतं: माणसात पाहायला बाहुलीइतकं चांगलं काही नाही, तिला वाईट लपवता येत नाही, मन सरळ असेल तर बाहुली स्वच्छ, नसेल तर धूसर, त्याचं बोलणं ऐका आणि बोलताना बाहुली पाहा, मग माणूस लपेल कुठे? यात 'बोलणं ऐका' हे आधी आलंय, ते लक्षात ठेव. मुका फोटो त्याला चालला नसता.

आणि त्याच्यानंतर काही दशकांनी श्युन्झी या विद्वानाने तर चेहरे पाहण्याच्या विरोधात एक प्रकरणच लिहिलं. त्यात त्याने आठवण करून दिली की खुद्द कन्फ्यूशियसचा चेहरा भुतं पळवायच्या मुखवट्यासारखा होता. त्याचं म्हणणं असं की आकार पाहण्यापेक्षा मन पारखावं आणि मन पारखण्यापेक्षा माणसाने धरलेली वाट पाहावी. गुरुजींनी हे मला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं. जो चेहरे वाचायला बसतो त्याने विरोधकाचं म्हणणं आधी शिकावं, असं ते म्हणत.

आजीने सांगितलेल्या 'उलटणाऱ्या' माणसाचं एक जुनं उदाहरण आहे. जुन्या चीनमधल्या यूए राज्याचा राजा गोउच्यान. वीस वर्षं हालअपेष्टा सोसून त्याने इसवी सनापूर्वी 473 मध्ये वू राज्य जिंकलं. जिंकल्यावर त्याचा मंत्री फान ली गुपचूप निघून गेला आणि सहकाऱ्याला, वन जोंगला, चिठ्ठी पाठवली: राजाची मान लांब आहे, तोंड पक्ष्याच्या चोचीसारखं आहे, अशा माणसाबरोबर संकट वाटून घेता येतं, सुख वाटून घेता येत नाही, तू का निघत नाहीस? वन जोंग थांबला. राजाने त्याच्याकडे तलवार पाठवली आणि त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला. लोक ही गोष्ट चोचीच्या तोंडाचा पुरावा म्हणून सांगतात. पण फान ली त्या तोंडासमोर वीस वर्षं बसला होता. राजा हरल्यावर कसा वागला, कुणाला श्रेय दिलं, कुणाचं नाव गाळलं, हे त्याने पाहिलं होतं. चोच हे त्या वीस वर्षांच्या अनुभवाला त्याने दिलेलं नाव होतं.

माझी स्वतःची चूकही सांगते, कारण तू आज जिथे उभी आहेस तिथेच ती घडली. शिकून चारेक वर्षं झाली होती. एका मुलीने तिच्या होणाऱ्या नवऱ्याला माझ्याकडे आणलं. त्याचं तोंड बोलताना डावीकडे ओढलं जाई, उजवा डोळा नीट मिटत नसे. परंपरेत तोंड वाकडं तर बोलणं वाकडं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की याच्या शब्दावर जाऊ नकोस. तिने नकार कळवला. वर्षभराने मला समजलं की त्याला चेहऱ्याचा पक्षाघात होऊन गेला होता. एका सकाळी उठला आणि अर्धा चेहरा हलेना, नंतर बराचसा सुधारला. तो हे सगळ्यांना स्वतःहून सांगत असे. मी विचारलं असतं तर मलाही सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. त्या मुलाची मी भेट घेऊन माफी मागितली, पण गेलेलं लग्न परत आलं नाही. तेव्हापासून माझा नियम असा की चेहऱ्यावर जे दिसतं त्याचा आधी प्रश्न करायचा आणि तो त्या माणसालाच विचारायचा.

त्याचा नमुना तुला देते. भुवया भावंडांच्या, असं परंपरा म्हणते. तर दाट, जुळलेल्या भुवया पाहून 'रागीट' असं मनात लिहून न ठेवता मी विचारते, भावाशी शेवटचं भांडण कशावरून झालं आणि आधी फोन कुणी केला? नाक पैशाचं. नाकपुड्या दिसल्या तर उधळ्या, असं म्हणतात. मी विचारते, तुझ्यावर कर्ज किती आहे हे घरात कुणाकुणाला माहीत आहे? भुवई डोळ्यावर दबली असेल, मधली जागा अरुंद असेल, तर माणूस घरात उतावळा असं मानतात. तर विचारायचं, लग्नानंतर कुठे राहायचं ते ठरलंय का, आणि कुणी ठरवलं? तोंड शब्द पाळण्याचं. मग त्याने मागच्या महिन्यात तुला दिलेले लहानसहान शब्द आठव: 'रविवारी फोन करतो', 'ते डॉक्युमेंट पाठवतो'. त्यातले किती पाळले? उत्तर देताना त्याचा चेहरा पाहा. इथे खरं वाचन सुरू होतं. प्रश्न अवघड आला की भुवया आवळणं साहजिक आहे, सगळ्यांचं होतं. त्या परत सुटायला किती वेळ लागतो ते पाहा. ओठ हसले आणि डोळ्यांचे कोपरे हललेच नाहीत, असं एकदा झालं तर सोडून दे. प्रत्येक वेळी तुझ्या नोकरीचा विषय निघाला की तसं होत असेल तर लक्षात ठेव.

एक प्रसंग सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने तिचा होणारा नवरा मला दाखवायला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, बोलावला. शनिवारची गर्दी, घाम, टेबल मिळेना. शेवटी मिळालं. टेबलं पुसणारे एक म्हातारे अंकल आमच्या बाजूने ट्रे घेऊन जाताना अडखळले आणि उरलेल्या गरम चहाचा मग त्या मुलाच्या पांढऱ्या शर्टवर सांडला. मी त्याच्या समोरच बसले होते. क्षणभर त्याच्या दोन्ही भुवया एकमेकींना भिडल्या, नाकपुड्या फुगल्या, जबडा ताठ झाला. अगदी तुझ्या मैत्रिणीच्या आजीला नको असलेला जबडा. मग त्याची नजर खाली शर्टकडे न जाता अंकलच्या हाताकडे गेली. अंकलच्या मनगटावर चहा उडाला होता. त्याने स्वतःच्या ग्लासातला बर्फ काढून त्यांच्या मनगटावर धरला आणि होक्कियन या चिनी बोलीत काहीतरी म्हणाला. भुवया केव्हा सुटल्या ते त्यालाही कळलं नसेल. मी त्या दिवशी त्याचं नाक, कान, हनुवटी काहीच वाचलं नाही. विद्यार्थिनीला म्हटलं, याची नजर आधी कुठे गेली ते विसरू नकोस. त्यांना आता दोन मुलं आहेत आणि तो जबडा अजून तसाच रुंद आहे.

उलटंही पाहिलंय. सुरेख कपाळ, भरलेलं नाक, पुस्तकात काढावा तसा चेहरा. माझ्याशी बोलताना मध, आणि वेटरने पाणी उशिरा आणलं तेव्हा डोळ्यांत असं काही आलं की शेजारी बसलेली मुलगी चटकन आपला हात मागे घेऊन बसली. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं, मला कळलं. म्हणून सांगते, त्याचा चेहरा वाचताना स्वतःचाही वाच. त्याच्याबरोबर तासभर बसून आल्यावर आरशात पाहा. खांदे वर गेलेत का, कपाळ दुखतंय का, की चेहरा सैल आहे? तुझ्या शरीराने त्याला तुझ्याआधी वाचलेलं असतं.

एक शंका तू विचारली नाहीस, पण मनात असणार: या सगळ्याला शास्त्राचा आधार आहे का? हाडांच्या आकारावरून स्वभाव ठरतो असं कुठल्याही अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही, आणि मी तसा दावा करत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात 2006 मध्ये झालेल्या एका अभ्यासात लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग दाखवले, तरी त्यांनी 'हा विश्वासू, हा नाही' असं मत बनवलं. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदललं नाही, त्याची खात्री तेवढी वाढली. तुझ्या मैत्रिणीच्या आजीचंही हेच झालं आणि आपल्या सगळ्यांचं होतं. आपल्याकडेही सामुद्रिक आहे, अंगाच्या लक्षणांवरून माणूस ओळखायची विद्या. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पुरुषांची लक्षणं सविस्तर दिली आहेत. दोन्ही परंपरांमध्ये माणसाकडे टक लावून पाहायला शिकवलंय, हे त्यांचं मोल मी मानते. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीकडे पाहत बसलेल्या मुलींना हे पाहणं कुणी शिकवत नाही.

काही गोष्टी मात्र चेहऱ्यावर शोधायच्याच नाहीत, त्या सरळ विचारायच्या आणि कागद पाहायचे. आधीचं लग्न, कर्ज, व्यसन, आजार, नोकरी. दोघांनी लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्या, थॅलेसेमियाची धरून. तो तुझा फोन पाहायला मागतो का, पगार कुठल्या खात्यात जाणार हे आत्ताच ठरवू पाहतो का, 'नाही' म्हटल्यावर दोन-दोन दिवस बोलणं टाकतो का, हे तू दोन महिन्यांत पाहिलंच असशील. यातलं काही असेल तर त्याचा चेहरा कितीही शुभ असो, मला विचारायला येऊ नकोस. घरी सांग आणि थांब.

असं काही नसेल तर पुढचं कर. तू म्हणतेस साखरपुड्याच्या दहा दिवस आधी पुण्याला पोचशील. त्यात त्याला तीनदा भेट. एकदा सकाळी, दोघांची झोप झालेली असताना. जुने वाचक चेहऱ्याचा रंग सकाळीच पाहत, खाणं, पिणं, राग चढायच्या आधी. त्याला उजेडाकडे तोंड करून बसव, गॉगल काढायला सांग. दुसऱ्यांदा त्याच्या शाळा-कॉलेजच्या मित्रांबरोबर भेट, आणि त्याच्याइतकंच मित्रांचे चेहरे पाहा, तो बोलायला लागला की ते खुलतात की गप्प होतात. तिसऱ्यांदा त्याच्या घरी, जेवायच्या वेळी. आई ताट वाढत असताना तो तिच्याकडे मान वर करून पाहतो का, एवढंच पाहायचं. आणि जबड्याचं त्यालाच सांगून टाक, आजीचं वाक्य जसंच्या तसं. तो हसेल, चिडेल, काळजीत पडेल, काहीही होईल. त्यानंतरचं एक मिनिट नीट बघ. माझ्या तासाभराच्या वाचनापेक्षा त्यात जास्त असेल.

परत आलीस की मैत्रिणीच्या आजीकडे जा. संत्री घेऊन जा, दोन, जोडीने न्यायची असतात. तिच्याशी वाद घालू नकोस. तिला मुलगी म्हणून तुझी काळजी वाटली, एरवी परक्या घरच्या मुलीला इतकं कोण सांगतं? शेजारी बस आणि हळूच विचार की कानामागून जबडा दिसणारा तो माणूस तिने पहिल्यांदा कुठे पाहिला होता. गुरुजी म्हणायचे, असं ठाम वाक्य बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या मनात एक नक्की माणूस असतो. तो तिचा कोण होता, हे तिला बहुधा कुणी कधी विचारलेलं नसेल.